अमेरिकेचं घड्याळ सरकलं की बॅकअप का चुकतो? इंदुरातल्या नव्या सपोर्टवाल्यांसाठी

विजयनगरपासून सुपर कॉरिडॉरपर्यंत इंदुरात आता अशी बरीच ऑफिसं आहेत, जिथे परदेशातल्या ग्राहकांच्या सर्व्हरचा बॅकअप सांभाळला जातो. अशा डेस्कवर नव्याने बसलेल्यांना पहिल्याच मार्चमध्ये किंवा नोव्हेंबरमध्ये एक कोडं पडतं. काल रात्रीचा जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) चाललाच नाही, पण एरर कुठेच नाही. नाहीतर तोच जॉब दोनदा चाललाय. नाहीतर कोणी हात लावलेला नसताना सगळ्याच्या सगळ्या फाइली परत कॉपी होताहेत. मग सॉफ्टवेअर बिघडलं असं धरून लोक ते काढतात, परत टाकतात, तिकीट वर ढकलतात. बहुतेक वेळा सॉफ्टवेअर धड असतं. तिकडचं घड्याळ एक तास सरकलेलं असतं, इकडचं जागच्या जागी असतं, आणि जॉब नेमका कुठलं घड्याळ बघतोय हे कोणी तपासलेलं नसतं.

तेवढं तपासायला शिका, निम्मं काम झालं. बाकीचं निम्मं खाली सांगतो.

आधी प्रकार काय तो

अमेरिका, कॅनडा आणि युरोपचा बहुतेक भाग उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतो आणि हिवाळ्याच्या तोंडावर परत मागे घेतो. लंडनला जूनमध्ये दिवस साधारण साडेसोळा तासांचा असतो आणि डिसेंबरमध्ये जेमतेम आठ, म्हणून त्यांना ही उठाठेव करावीशी वाटते. इंदुरात सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान दिवसात पावणेतीन तासांच्या आसपासच फरक पडतो. आपल्याकडे हा प्रकार झालाच नाही असं मात्र नाही: दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, भारताचं घड्याळ एक तास पुढे होतं. त्यानंतर आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहोत, बारा महिने. यूटीसी हे जगाचं संदर्भ घड्याळ, ते कधीच मागेपुढे होत नाही. हा शब्द पुढे सारखा येणार आहे.

आता तारखा. अमेरिकेत २००७ पासून नियम असा: मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे २ ला घड्याळ ३ वर जातं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे २ ला ते परत १ वर येतं. २०२६ साठी ८ मार्च आणि १ नोव्हेंबर, २०२७ साठी १४ मार्च आणि ७ नोव्हेंबर. ब्रिटन आणि युरोपीय संघात मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार: २०२६ मध्ये २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर. सिडनीचं उलटं, तिथे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे.

या घटना इंदूरच्या घड्याळात कधी घडतात ते पाहा. लंडनचा बदल रविवारी सकाळी साडेसहाला, म्हणजे आपण पोहे-जलेबीच्या विचारात असताना. न्यूयॉर्कचा मार्चमध्ये रविवारी दुपारी साडेबाराला, नोव्हेंबरमध्ये साडेअकराला. शिकागोचा प्रत्येकी तासभर उशिरा. सिडनीचा शनिवारी रात्री साडेनऊला, सराफ्यात गर्दी जमायला लागते तेव्हा. सगळे आपल्या सुट्टीत. त्या वेळी डेस्कवर एखादाच माणूस असतो, आणि सोमवारी प्रकरण उघडं होईपर्यंत बऱ्याचदा दुसऱ्या रात्रीचा जॉबही होऊन गेलेला असतो.

पायरी १: कुठलं घड्याळ कोण बघतंय, याचा तक्ता

एक साधी शीट उघडा. प्रत्येक जॉबसमोर या गोष्टी लिहा: सर्व्हरचा टाइम झोन, ज्या शेड्यूलरने जॉब सुरू होतो त्याचा टाइम झोन, बॅकअप सॉफ्टवेअरच्या पडद्यावर दिसणारी वेळ कुठली, लॉगमध्ये पडणारी वेळ कुठली, आणि प्रती जिथे साठतात त्या नॅस (नेटवर्कला जोडलेली डिस्कांची पेटी) किंवा क्लाउडची वेळ कुठली.

हे कंटाळवाणं काम आहे आणि ते टाळायचा मोह होतो. टाळू नका. कारण या पाचही वेळा एकच असतील असं सगळे गृहीत धरतात आणि त्या तशा क्वचितच असतात. सर्व्हर शिकागोचा, पण कोणीतरी इंदुरातून बसवला म्हणून त्याचा झोन एशिया/कोलकाता. सॉफ्टवेअरचा कन्सोल ब्राउझरमध्ये उघडता म्हणून तो तुमच्या लॅपटॉपची वेळ दाखवतो. क्लाउडमधल्या बऱ्याच सेवा मुळातच यूटीसीत चालतात. नॅस पेटीतून काढल्यावर जो झोन होता तोच अजून.

‘ईएसटी’ एवढं लिहून थांबू नका. तो फक्त हिवाळ्यातला न्यूयॉर्क. झोन नेहमी शहराच्या नावाने लिहा: अमेरिका/न्यूयॉर्क, युरोप/लंडन. शहराच्या नावामागे त्या जागेचे सगळे नियम असतात, तीन अक्षरांमागे नसतात. आणि ग्राहक ॲरिझोनातल्या फिनिक्सचा असेल तर तिथे घड्याळ हलतच नाही, हवाईतही नाही. ‘अमेरिकन ग्राहक’ असा एकच रकाना केलात तर पस्तावाल.

पायरी २: नसलेला तास आणि दोनदा आलेला तास

पंचांगात क्षयतिथी आणि वृद्धितिथी असते ना, तसंच समजा. मार्चमधल्या त्या रविवारी न्यूयॉर्कात १:५९ नंतर थेट ३:०० वाजतात. २:३० वाजतच नाहीत. रोज २:३० ला लावलेल्या जॉबचं काय करायचं, हे शेड्यूलरने ठरवायचं: कोणी तो सोडून देतो, कोणी ३ वाजल्यावर लगेच चालवतो. सोडून दिला तर ‘फेल’ झाल्याची नोंद पडत नाही, कारण तो सुरूच झालेला नसतो. एररची वाट बघत बसणाऱ्याला तो दिसतच नाही.

नोव्हेंबरमध्ये १:०० ते १:५९ हा तास दोनदा येतो. १:३० चा जॉब दोनदा चालू शकतो. चालला तर काय बिघडलं? फाइलच्या नावात फक्त तारीख आणि वेळ असेल तर दुसरी प्रत पहिलीच्या उरावर बसते. ‘शेवटच्या ७ प्रती ठेवा’ असा नियम असेल तर जास्तीची प्रत एक जुनी प्रत बाहेर ढकलते. आणि पहिला जॉब अजून संपला नसेल तर दुसरा कुलूपबंद फाइलींवर डोकं आपटून लाल होतो.

लॉग कसा दिसतो ते एकदा नीट बघून ठेवा. नोव्हेंबरच्या रविवारी जॉब १:५० ला सुरू झाला आणि १:१० ला संपला. म्हणजे उणे चाळीस मिनिटं! खरं तर दहा मिनिटांनी घड्याळ मागे गेलं, त्यानंतर आणखी दहा मिनिटं गेली, जॉबला लागली वीस मिनिटं. मार्चमध्ये तोच जॉब १:५० ते ३:१०, म्हणजे एक तास वीस मिनिटं दिसेल. तीही वीसच. ‘बॅकअप चौपट मंदावला, डिस्क तपासा’ असं तिकीट पाठवण्याआधी तारीख बघा.

याहून वाईट प्रकार डेटाबेसवाल्यांचा, आणि तिथे मी मुद्दाम थांबतो. ग्राहकाला शब्द दिलेला असतो की दर १५ मिनिटांनी लॉगचा, म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदींचा, बॅकअप होईल, काहीही झालं तरी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त काम बुडणार नाही. काही शेड्यूलर पुढची वेळ स्थानिक घड्याळात लिहून ठेवतात. १:४५ चा जॉब झाला, पुढचा २:०० ला. पण २ वाजायच्या क्षणी घड्याळ १ वर गेलं. आता २ वाजायला आणखी एक तास. दोन बॅकअपमध्ये सव्वा तासाची फट पडली, आणि रिपोर्टमध्ये १:४५, २:०० अशा नोंदी एकाखाली एक, अगदी गुण्यागोविंदाने. नेमकी त्या फटीत डिस्क गेली तर ग्राहकाला दिलेला शब्द गेला. तुमच्या डेटाबेसचा शेड्यूलर असं करतो का, हे नोव्हेंबरच्या आत शोधून काढा.

पायरी ३: जॉब त्या खिडकीतून बाहेर काढा

सगळ्यात स्वस्त उपाय हाच. अमेरिकन सर्व्हरवर पहाटे १ ते ३ मध्ये ठराविक वेळेचा कुठलाही जॉब लावू नका. ब्रिटन आणि मध्य युरोपातही हीच खिडकी पुरते. साडेबारा चालेल, साडेतीन चालेल, दोन का? लोक दोन निवडतात कारण ‘रात्री दोनला कोणी नसतं’. बरोबर आहे, त्या देशांचे कायदे करणाऱ्यांनीही हाच हिशेब केला होता.

दुसरा उपाय, शेड्यूल यूटीसीत ठेवणं. यूटीसीत कुठलाच तास गळत नाही आणि दुणावत नाही. किंमत एवढीच की स्थानिक घड्याळात जॉब उन्हाळ्यात एक तास उशिरा दिसतो. बॅकअपला बहुधा त्याचं काही नसतं. पण ग्राहकाचं दुकान रात्री ११ ला बंद होतं आणि ११:१५ ला विक्रीचा हिशेब मिटवला जातो, अशी गाठ असेल तर स्थानिक वेळच ठेवावी लागते. दोन्हीकडे डोळे झाकून एकच नियम लावू नका.

विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये ट्रिगरच्या खिडकीत ‘सिंक्रोनाइझ अक्रॉस टाइम झोन्स’ अशी चौकट असते. टिक केली की वेळ यूटीसीला बांधली जाते, नाही केली की स्थानिक घड्याळाला. नवी मुलं ती चौकट उगाचच टिक करतात आणि मग मार्चमध्ये जॉब एक तास का हलला म्हणून विचारतात. सेटिंग्जच्या पानावर, ठरलेली वेळ चुकली तर जमेल तेव्हा लगेच चालव, असाही एक पर्याय असतो. तो बॅकअपसाठी चालू ठेवा.

लिनक्सवरच्या शेड्यूलरचं नाव क्रॉन. डेबियन या लिनक्सच्या प्रकारासोबत येणारा क्रॉन यात बराच शहाणा आहे. तीन तासांपेक्षा कमी बदल असेल तर गळालेल्या वेळेतले जॉब तो बदलानंतर लगेच चालवतो आणि दोनदा आलेल्या वेळेतले परत चालवत नाही. मात्र हे फक्त तास-मिनिट ठरवून लिहिलेल्या जॉबना. तासाच्या किंवा मिनिटाच्या जागी तारा (*) लिहिला असेल तर ही सवलत नाही. आणि सगळे क्रॉन असे नसतात, तेव्हा तुमच्या सर्व्हरवरचं मॅन्युअल वाचा. सर्व्हरचा झोन बदललात तर क्रॉन रीस्टार्ट करा, नाहीतर तो जुन्याच झोनमध्ये रमलेला असतो.

पायरी ४: इंदुरातून सुटणारे जॉब

हा प्रकार आपल्याच बाजूचा, म्हणून तो सगळ्यात उशिरा सापडतो. समजा इंदूरच्या सर्व्हरवरून रोज सकाळी ९:३० ला न्यूयॉर्कच्या मशीनचा बॅकअप ओढला जातो. हिवाळ्यात त्या वेळी तिकडे आदल्या रात्रीचे ११ वाजलेले असतात. उन्हाळ्यात बारा. आपण काहीच बदललं नाही, पण तिकडे तारीख पालटली. फाइलच्या नावात तिकडची तारीख पडत असेल तर मार्चमधल्या त्या आठवड्याच्या शेवटी एक तारीख चक्क गायब दिसेल आणि ऑडिटवाला विचारेल, ‘त्या दिवसाचा बॅकअप कुठाय?’ नोव्हेंबरमध्ये उलट, एकाच तारखेच्या दोन प्रती, आणि नावात वेळ नसेल तर त्यातली एकच उरलेली. शिवाय मध्यरात्री बाराला ग्राहकाचे स्वतःचे जॉब धावत असतात, त्यांच्याशी टक्कर वेगळीच.

उपाय: जॉब ग्राहकाच्या झोनला बांधा, म्हणजे आपल्याकडे तो हिवाळ्यात ९:३० ला आणि उन्हाळ्यात ८:३० ला चालेल. शिफ्ट लावणाऱ्याला हे आवडत नाही. त्याला आधी सांगा.

ग्राहकाची ऑफिसं दोन देशांत असतील तर आणखी एक गाठ. लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये एरवी पाच तासांचा फरक, पण दोघं वेगवेगळ्या रविवारी घड्याळ बदलतात. २०२६ मध्ये ८ ते २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर हा फरक चारच तासांचा. न्यूयॉर्कहून रात्री ८ ला निघालेली प्रत एरवी लंडनला १ वाजता पोचायला लागते, लंडनचा स्वतःचा १२ ते १ चा बॅकअप उरकल्यावर. त्या चार आठवड्यांत ती १२ लाच दारात उभी राहते. दोघांना एकच डिस्क हवी, दोघंही रांगतात. आणि महिनाभरात ते आपोआप ‘बरं’ होतं, म्हणून कोणी मुळाशी जात नाही. असे जॉब घड्याळावर न लावता ‘आधीचा संपला की पुढचा’ अशा साखळीत लावा.

पायरी ५: सगळ्या फाइली अचानक ‘बदललेल्या’

बॅकअपची साधी हत्यारं फाइल बदलली की नाही हे तिच्या आकारावरून आणि शेवटच्या बदलाच्या वेळेवरून ठरवतात. आरसिंक तसंच करतो, रोबोकॉपीही. विंडोजची एनटीएफएस डिस्क ही वेळ यूटीसीत ठेवते (१ जानेवारी १६०१ पासून मोजून!), पण जुनी फॅट पद्धतीची डिस्क स्थानिक वेळ लिहिते, झोनशिवाय. म्हणून घड्याळ सरकलं की एका बाजूची वेळ दुसरीपेक्षा बरोबर एक तासाने वेगळी दिसते, आणि हजारो फाइली बदलल्या असं सॉफ्टवेअरला वाटतं. छोटे पेन ड्राइव्ह आणि जुनी मेमरी कार्डं अजून फॅटमध्येच असतात.

ओळखायची खूण सोपी. दहा फाइलींच्या वेळा दोन्हीकडे पाहा. सगळीकडे नेमका एक तास फरक असेल तर हेच. रोबोकॉपीत डीएसटी नावाचा एक स्विच या एका तासाकडे दुर्लक्ष करायला सांगतो, आणि एफएफटी नावाचा दुसरा फॅटच्या दोन सेकंदांच्या ढोबळ मोजणीला सांभाळून घेतो. आरसिंकमध्ये वेळेची सूट वाढवता येते, पण तासाभराची सूट कायमची ठेवू नका: तासाच्या आत खरोखर बदललेली आणि आकार तोच राहिलेली फाइल सुटून जाईल. शंका असेल तिथे एकदा चेकसमने, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या आकड्याने, पडताळा करा. वेळ खातो, पण खरं सांगतो.

घरच्यांसाठीही हे उपयोगी आहे. मुलगी न्यू जर्सीला, फोटोंचा ड्राइव्ह आईबाबांकडून सुदामानगरहून गेलेला: तो ड्राइव्ह फॅट असेल तर तिकडे फरक साडेनऊ किंवा साडेदहा तासांचा दिसेल, आणि एक तासाची कुठलीही सूट कामी येणार नाही. नवा ड्राइव्ह घेतलात की आधीच एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या. मॅकही वापरायचा असेल तर एक्सफॅट.

पायरी ६: अलार्म आणि हाताने फिरवलेली घड्याळं

‘२४ तासांत बॅकअप नाही’ असा अलार्म लावलेला असेल तर नोव्हेंबरचा तो दिवस २५ तासांचा असतो आणि अलार्म उगाच वाजतो. मर्यादा २६ तास करा.

आणि कोणत्याही परिस्थितीत सर्व्हरचं घड्याळ हाताने एक तास पुढेमागे करू नका. झोन बदला, घड्याळाला हात लावू नका. विंडोज डोमेनमध्ये लॉगिनची कर्बेरॉस पद्धत मुळात फक्त पाच मिनिटांची तफावत चालवून घेते. झोन बदलल्याने आतली यूटीसी वेळ हलत नाही, हाताने फिरवल्याने हलते, आणि मग बॅकअपचा सर्व्हिस अकाउंटच आत शिरू शकत नाही. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर मदरबोर्डावरच्या घड्याळावरून त्यांचं भांडण होतं: विंडोज ते स्थानिक समजतं, लिनक्स बहुधा यूटीसी. एकाला तरी समजवावं लागतं.

पायरी ७: सोमवारी सकाळी

बदलाच्या रविवारनंतर डेस्कवर बसणाऱ्याने हिरवी टिक बघून उठू नये. प्रत्येक जॉबच्या प्रती मोजा, यूटीसीत लागोपाठच्या दोन प्रतींमधलं अंतर काढा, आणि एक तरी फाइल रीस्टोर करून उघडून बघा.

नोव्हेंबरनंतर ग्राहकाने ‘रविवारी पहाटे १:४० ची स्थिती परत आणा’ असं सांगितलं तर काम सुरू करण्याआधी विचारा: पहिले १:४० की दुसरे? न्यूयॉर्कसाठी पहिले म्हणजे यूटीसी ५:४०, दुसरे ६:४०. मेलमध्ये यूटीसी लिहून त्याच्याकडून होकार घ्या आणि मगच रीस्टोरचं बटण दाबा. फोनवरच्या ‘हो हो, तेच’ वर विसंबू नका.

पायरी ८: आधी करून बघा, आणि नियम ताजे ठेवा

चालू सर्व्हरवर प्रयोग नको. एक व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा कॉम्प्युटर) घ्या, त्यातलं आपोआप वेळ जुळवणं बंद करा (नाहीतर ते मिनिटभरात तुमचं घड्याळ परत ठीक करून टाकेल), झोन अमेरिका/न्यूयॉर्क ठेवा, तारीख-वेळ ८ मार्च २०२६, पहाटे १:५५ लावा आणि २:३० चा एक जॉब टाकून चहा घेऊन या. मग १ नोव्हेंबरचं करा. तुमचं सॉफ्टवेअर काय करतं ते कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा इथे लवकर कळतं. निकाल पायरी १ च्या शीटमध्ये लिहा.

घड्याळाचे नियम सरकारं बदलत असतात. तुर्कीने २०१६ मध्ये घड्याळ मागे घेणं सोडून दिलं, मेक्सिकोच्या बहुतेक भागाने २०२२ मध्ये ही पद्धत बंद केली, इजिप्तने २०२३ मध्ये परत सुरू केली. लेबनॉनमध्ये २०२३ च्या मार्चमध्ये सरकारने बदल लांबणीवर टाकल्याचं ऐनवेळी जाहीर केलं आणि काही दिवसांत निर्णय फिरवला. तेवढ्या अवधीत एकाच देशात दोन वेळा चालल्या. युरोपीय संसदेने २०१९ मध्ये पद्धत मोडायच्या बाजूने मत दिलं, पण ते अजून अंमलात आलेलं नाही. हे नियम प्रत्येक मशीनवर टाइम झोनच्या डेटाबेसमधून येतात. तो लिनक्सवर टीझेडडेटा या पॅकेजमधून आणि विंडोजवर नेहमीच्या अपडेटमधून ताजा होतो. अपडेट बंद ठेवलेले जुने सर्व्हर आणि वर्षानुवर्षं फर्मवेअर न बदललेले नॅस शोधा, आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात व सप्टेंबरच्या मध्यावर या तपासणीची तिकिटं आत्ताच कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.